शंभरात चौऱ्याण्णव

श्वास ही माणसाची एकमेव अशी मालमत्ता आहे, जी त्याच्यापासून कोणीही हिरावून घेऊ शकत नाही.

हे वाक्य कुदुरेपाळ्यातल्या कल्याण मंटपाच्या दारावर, कन्नडमध्ये, हिरव्या फ्लेक्सवर छापलेलं होतं. फ्लेक्सखाली रांग होती आणि रांग खोकत होती. मंटप आज जिथं आहे तिथं चार वर्षांपूर्वी थिनरचं आणि प्लेटिंगच्या रसायनांचं गोदाम होतं. ते एका मार्गशीर्षात पेटलं आणि तीन दिवस जळत राहिलं. पुढं मालकानं जागा साफ करून लग्नाचा हॉल बांधला, आणि आता आगीची बाधा झालेल्यांच्या तपासणी शिबिरासाठी तो मोफत दिला. त्याबद्दल उद्घाटनाला त्याचा शाल घालून सत्कार झाला. शाल घेताना तोही दोनदा खोकला, पण ते उदबत्तीमुळं.

कुदुरेपाळ्य हे बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या पोटात अडकून राहिलेलं गाव. कुदुरे म्हणजे घोडा, पाळ्य म्हणजे वस्ती. शहाजीराजांचे घोडे इथं चरायला असत आणि त्या घोड्यांबरोबर आलेली मराठ्यांची घरं इथंच राहिली, असं ती घरं सांगतात. चारी बाजूंनी लेथच्या, बफिंगच्या, प्लेटिंगच्या शेड उठल्या, तेव्हा नाल्याकाठी एक लांबट पट्टी उरली. ती कुठल्याच कारखान्याला सोयीची नव्हती, म्हणून तिला शेत म्हणायचे. त्या पट्टीवर अंबुबाई सोप्पु करायची. सोप्पु म्हणजे पालेभाजी. तिचा नवरा हणमंतराव शेजारच्या शेडमध्ये बफिंगला होता. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या फिरत्या चाकावर धरून चकचकीत करायचं काम. लग्नात, जयंतीला तो तुतारी फुंकायचा. घराण्याचा मानच होता तो. घोडे गेले, लढाया गेल्या, शिंग तेवढं उरलं. वर्षातले काही दिवस हणमंतराव मराठा असायचा, बाकीचे दिवस बफिंगवाला.

आग लागली त्या सकाळी शेडच्या मालकानं सगळ्यांना गोदामातले ड्रम बाहेर लोटायला धाडलं. तोंडाला ओला टॉवेल बांधून हणमंतराव दुपारपर्यंत ड्रम लोटत होता. थंडीचे दिवस, धूर वर जाईना. वाकळ पांघरावी तसा तो गावावर पसरून राहिला. अंबुबाईच्या दंटाच्या, म्हणजे माठाच्या, पानांवर काळी, चिकट साय धरली. ती धुऊन जाईना आणि शेळ्याही त्या पानांना तोंड लावीनात. आगीत एकही माणूस दगावलेलं नाही, असं पहिल्याच संध्याकाळी जाहीर झालं आणि ते आजही खरं आहे. नंतर जी माणसं गेली ती आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात गेली. त्यांना आगीत धरायची सोय नव्हती.

हणमंतराव गेला नाही. तो बफिंगच्या चाकापुढून आधी गेटवरच्या खुर्चीत आला, आणि खुर्चीतही दम लागायला लागला तेव्हा घरी आला. तेव्हापासून तो अंबुबाईच्या हाताखाली होता.

शिबिराच्या सकाळीही रोजच्यासारखंच झालं. उजाडायला अंबुबाई विळा घेऊन वाफ्यात बसली. गार, ओलं धुकं नाल्यावर टेकलेलं होतं, आणि पलीकडच्या शेडमधला आंबट वास त्यात मुरलेला. ती दंट कापून मागं टाकायची, मागं पोत्यावर बसलेला हणमंतराव केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्यानं जुड्या बांधायचा. गाठ मारताना तो दम धरायचा आणि गाठ बसली की सोडायचा. सोडताना छातीतून शिट्टी यायची. पूर्वी ही शिट्टी ऐकली की अंबुबाई वळून बघायची. आता ती शिट्टी आली नाही तर बघायची.

"स्वल्प बसा की," ती म्हणाली.

"बसलोच हाय."

"तसं न्हाई. टेकून बसा."

"टेकलं की जास्त येतंय."

त्यानं खिशातून दम्याच्या औषधाचा निळा पंप काढला, हलवला, तोंडात धरून दाबला. पंप महाग होता, आणि तो संपत आला की घरात सगळे त्याच्याकडे पाहुण्यासारखे बघत. आज तपासणीत हणमंतराव बाधित ठरला, तर त्याला पिवळं कार्ड मिळणार होतं. कार्ड असलं की दर महिन्याला आरोग्य केंद्रातून पंप फुकट. मुलगी नयना गार्मेंटच्या कारखान्यात कॉलर शिवायची, तिनं ही बातमी आणली तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

भरलेली टोपली अंबुबाईनं डोक्यावर घेतली. तिच्या मागून तराजू आणि छत्री घेऊन हणमंतराव चालू लागला. यशवंतपूरच्या बसपर्यंत वाटेत एक मोरी होती, तिच्या कठड्यावर तो बसायचा. तो बसला की अंबुबाईही ओझं डोक्यावर ठेवून उभी राहायची. उतरवलं तर परत चढवायला त्याच्याच्यानं हात लाववत नव्हता.

समोरून शेजारचा कृष्णमूर्ती आला. तो लेथवरचा माणूस, कन्नडिग. पण सगळा जन्म मराठ्यांच्या भिंतीला भिंत लावून काढल्यानं त्याला मराठीत चिडवता येत असे.

"काय अण्णा! अक्काच्या डोक्यावर सगळं गाव देऊन तुम्ही छत्री घेऊन? राजे लोक तुम्ही!"

"राजे लोक शिबिराला निघालेत," अंबुबाई मान न हलवता म्हणाली. "भाजी देऊन येताव. तू नंबर धर."

"मी सकाळीच नंबर लावलाय. वर दोन बिड्या ओढून आलोय, दम चांगला खराब दिसायला पायजे की."

भाजी देऊन, सुट्टी घेतलेल्या नयनाला बरोबर घेऊन ती दोघं मंटपात आली. आत लग्नाच्याच लाल खुर्च्या मांडल्या होत्या. वधूवरांच्या सिंहासनाशेजारी टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपला जोडलेली एक पांढरी मूठ. मुठीला पुठ्ठ्याची नळी खोचायची, नाकाला चिमटा लावायचा आणि नळीत फुंकायचं. मशीन सांभाळायला रविकिरण नावाचा टेक्निशियन होता. सकाळपासून तो एकच शब्द ओरडत होता: "ऊदी! ऊदी, ऊदी, ऊदी!" म्हणजे फुंका. त्याचा आवाज बसला होता आणि अधूनमधून तो स्वतःच धापा टाकत होता.

टेबलामागं डॉक्टर आसावरी बसली होती. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कंपनीमागं पुण्याहून बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला आलेली. आठवड्यातले काही दिवस ती शिबिर भरवणाऱ्या संस्थेसाठी काम करायची आणि त्यासाठी अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये बसायची. हणमंतरावाचं नाव वाचून ती एकदम सरळ झाली.

"काका, तुम्ही मराठी? वॉव! मला इथं पेशंट मराठी बोलणारा मिळेल असं वाटलंच नव्हतं! कधी आलात बंगलोरला?"

हणमंतरावानं अंबुबाईकडं बघितलं. "शहाजीराजांच्या टायमाला," तो म्हणाला.

डॉक्टर हसली. तो हसला नाही, कारण त्यानं खरं ते सांगितलं होतं.

आधी अंबुबाईचा नंबर लागला. तिलाही खोकला होता, पण तिच्या खोकल्याला घरात अजून दर्जा मिळालेला नव्हता. तिचे पुढचे दात पडलेले. नळीभोवती ओठ आवळले की बाजूनं फुस्स व्हायचं. रविकिरण ओरडला, पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा तिला हसू आलं आणि नळी तोंडातून पडली. डॉक्टरनं स्क्रीनवर बघून हळहळत सांगितलं, "मावशी, रिझल्टच येत नाहीये. मशीन म्हणतंय, पेशंटनं सहकार्य केलं नाही."

"ह्यांच्या घरात आल्यापासून सहकार्यच करत आले की गे बाई," अंबुबाई म्हणाली. "त्याची तपासणी कुणी घेत न्हाई."

मग हणमंतराव बसला. तोवर रांगेतली माणसं कोंडाळं करून उभी राहिली होती. सगळ्यांनी त्याची तुतारी ऐकलेली. कोणीतरी मागून म्हणालं, "आता बघा, मशीन फुटतंय की न्हाई!" रविकिरणनं विचारलं, हे कोण? कृष्णमूर्तीनं सांगितलं, हा आमचा शिंगवाला अण्णा, ह्याच्या फुंकीनं पूर्वी यशवंतपूरची गाडी थांबायची. रविकिरणला बरं वाटलं. सकाळपासून फुंकता न येणारी माणसंच त्याच्या वाट्याला आलेली.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. हणमंतरावाच्या घराण्यात तुतारी शिकवताना पहिला धडा फुंकायचा नसतो. पहिला धडा असा, की ओठाला लावलेलं शिंग अर्धं सोडायचं नाही. ललकारी मध्येच तुटली तर ती ज्याच्या दारात तुटली त्या घराला वाईट. म्हणून दम कुठं साठवायचा, पोटातून कसा उचलायचा, शेवटचा घोट गालात कसा राखून ठेवायचा, हे बापानं त्याला छातीवर गुडघा ठेवून शिकवलेलं. ओठाला काही गोल लागलं की त्याचं अंग ते आपोआप करायचं. पाणी प्यायला पाइप तोंडाला लावला तरी आधी फुंकच जायची.

त्यानं पुठ्ठ्याची नळी कपाळाला लावली. पुटपुटला, "जगदंब." रविकिरण म्हणाला, "ऊदी."

हणमंतरावानं फुंकलं.

स्क्रीनवरची रेघ वर चढली, टोक करून वळली आणि खाली येताना लांब, सावकाश, संपता संपेना अशी येत राहिली. रविकिरण "ऊदी ऊदी" म्हणायचा थांबला आणि बघत राहिला. रेघ टेकली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतरावानं नाकाचा चिमटा काढला, हात जोडले, उठला, आणि लाल खुर्चीचा हात धरून खालीच बसला. पुढं कितीतरी वेळ तो खोकत होता. त्याचे डोळे तांबडे झाले, मानेच्या शिरा सुतळीसारख्या उभ्या राहिल्या, ओठांचा रंग गेला. नयना पाठ चोळत होती. पण मशीन तोवर बंद झालं होतं. ते खोकला मोजत नसे.

"काका," डॉक्टर आसावरी म्हणाली, "शंभरात चौऱ्याण्णव."

"पास?" हणमंतरावानं खोकल्यातून विचारलं.

"म्हणजे नॉर्मल आहे. एकदम नॉर्मल." ती खूश होऊन म्हणाली, आणि मग अंबुबाईचं तोंड बघून तिची खुशी उतरली. "कार्डासाठी ऐंशीच्या खाली लागतं."

"अहो, पण हे बघा की कसे पडलेत!"

"दिसतंय मला, मावशी. पण हे मशीन काकांच्या वयाच्या, काकांच्या उंचीच्या साधारण माणसाशी तुलना करतं. साधारण माणसाला जेवढा दम असतो, तेवढा काकांना आहे."

"साधारण माणसाला!" अंबुबाईचा आवाज चढला. "ह्यांना आगीआधी दोन माणसांचा दम होता. एका दमात तीन ललकाऱ्या घालायचे. आता घास गिळून झाल्यावर थांबत्यात. गेला तो कुठं गेला मग?"

"आधीचं रेकॉर्ड आहे का काही? जुनी टेस्ट?"

"आधी आजारीच न्हवते तर टेस्ट कशाला करतील?"

डॉक्टरनं पेन टेबलावर ठेवलं. "तेच ना," ती म्हणाली. "तुमचं खरं असणार. मला पटतंय. पण मला पटलं तर कॉलम नाहीये त्याला."

पाठोपाठ कृष्णमूर्ती बसला. तो फुंकायच्या आधीच खोकला, फुंकताना खोकला आणि शंभरात एकसष्ट घेऊन उठला. पिवळं कार्ड शर्टाच्या खिशात अर्धं बाहेर राहील असं ठेवून तो हणमंतरावाला म्हणाला, "अण्णा, कला नडली तुमची."

घरी आल्या आल्या अंबुबाईनं टोपली आपटली.

"असं फुंकायला कुणी सांगितलं हुतं? लग्न हुतं तुमच्या बापाचं?"

"ऊदी म्हणाला तो."

"ऊदी म्हणाला! विहिरीत उडी मार म्हणाला असता तर?"

"तिथं लोक बघत हुते गे," हणमंतराव म्हणाला. आणि दम लागलेला असूनही, हळूच: "चौऱ्याण्णव म्हणजे वाईट न्हाई. ह्या वयात."

नयना डॉक्टरला विचारून आली होती. तक्रार असेल त्याची शिबिर संपायच्या दिवशी, शनिवारी, एकदा फेरतपासणी होणार होती. त्या एका संधीसाठी त्या घरानं जे केलं ते कुदुरेपाळ्यात याआधी कोणी केलं नव्हतं. त्यांनी तुतारीवाल्याला वाईट फुंकायला शिकवायला घेतलं.

पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. अंबुबाई बांधावरच्या झाडाचे देठ कापून आणायची आणि भाजी धुऊन झाली की त्याला पुढं बसवायची.

"फुंका. माझ्यासारखं फुंका."

तो देठ तोंडाला लावायचा. छाती फुगायची, पोट आत जायचं, समोरच्या परातीतल्या पाण्यावर लाट उठायची.

"अय्यो! मेल्यासारखं फुंका म्हणत्ये मी!"

"ओठ ऐकत न्हाईत."

"चुलीला फुंकर मारताय असं धरा, अप्पा," नयना म्हणायची. "हलकं. अर्ध्यावर सोडून द्या."

"अर्ध्यावर सोडायचं न्हाई गे पोरी, ते वाईट असतंय."

"कुणाला वाईट? मशीनच्या घराला?"

तो पुन्हा फुंकायचा आणि पुन्हा खोकत आडवा व्हायचा. एका दुपारी मात्र जमलं. फुंक अर्ध्यावर आली आणि त्यानं ती सोडली. परातीतलं पाणी थरथरलं आणि निवांत झालं. अंबुबाईनं त्याच्या तोंडाला गुळाचा खडा लावला. तो त्या रात्री जेवला नाही. अंबुबाईला वाटलं, खोकल्यामुळं.

शनिवारी मंटपात गर्दी नव्हती. फ्लेक्स निम्मा उतरवलेला. हणमंतरावानं नळी घेतली, कपाळाला लावली नाही. रविकिरण म्हणाला, "ऊदी." त्यानं अर्धं फुंकलं आणि सोडलं. पुन्हा एकदा. अर्धंच.

डॉक्टर आसावरीनं स्क्रीन स्वतःकडं वळवली. मग तिनं रविकिरणला पाणी आणायला पाठवलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "काका, तुम्ही मुद्दाम सोडताय. ग्राफमध्ये दिसतं ते. कमी दमाच्या माणसाची रेघ अशी तुटत नाही."

हणमंतरावानं नळी मांडीवर ठेवली. चार वर्षं तो खरं आजारी होता आणि कोणी मानलं नव्हतं. पहिल्यांदाच खोटं केलं, आणि ते लगेच, शुद्ध मराठीत सापडलं. अंबुबाई फरशीवरच्या अक्षता बघत होती, शिबिराआधीच्या कुठल्या तरी लग्नातल्या.

"हे मी असं पाठवलं तर तुमच्या नावापुढं 'सहकार्य नाही' येईल," डॉक्टर म्हणाली. "त्यापेक्षा एकदा खरं फुंका. मशीन जे म्हणेल ते मी लिहिते."

त्यानं खरं फुंकलं. कपाळाला लावून, नाव घेऊन, शेवटचा घोट गालात राखून. एक्क्याण्णव.

"कमी झालं की!" नयना म्हणाली.

"कमी झालंय," डॉक्टरनं कबूल केलं. "पण नॉर्मलच आहे."

"म्हणजे अजून थोडे हिवाळे काढले की ऐंशीखाली येतील," अंबुबाई म्हणाली. "मग कुठं यायचं?"

"हे शेवटचं शिबिर आहे, मावशी."

"सरी," अंबुबाई म्हणाली. सरी म्हणजे ठीक. दुकानात, रिक्षात, पोलीस चौकीत, जिथं पुढं बोलून उपयोग नसतो तिथं बंगळूरात हा शब्द म्हणतात.

ती तिघं दारापर्यंत गेल्यावर डॉक्टर मागून पळत आली. आपल्या पर्समधून तिनं एक नवा पंप काढून हणमंतरावाच्या हातात ठेवला. "सॅम्पल आहे. माझ्याकडं एवढाच होता." तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं. पण तिची कॅब आली होती आणि बेळ्ळंदूर लांब होतं.

त्या पंपावर पौष गेला, माघ गेला. वाफ्यात मेथी झाली, कोथिंबीर झाली. हणमंतराव आता मोरीवर जाता-येता दोन्ही वेळा बसायला लागला, आणि नंतर अंबुबाई म्हणाली की तराजू मीच नेते. तो दारात बसून जुड्या बांधायचा. पंप तो जपून ओढायचा. कारण जयंती येत होती.

जयंतीची मिरवणूक मराठ्यांच्या संघाची. अध्यक्ष जयसिंगराव, ग्रॅनाइटचा धंदा, गळ्यात भगवा शेला. आठवडाभर आधी ते दारात गाडी थांबवून म्हणाले, "हणमंतराव, तुतारी झाली पाहिजे बरं का. सकाळी नऊला. तुमच्याशिवाय महाराज निघत नाहीत."

"तब्येत जरा—"

"अहो, तुम्ही नॉर्मल आलात म्हणे! सगळ्या पाळ्यात कौतुक आहे. एक्क्याण्णव!"

"आधी चौऱ्याण्णव आला हुता," हणमंतराव म्हणाला. अंबुबाईनं कपाळावर हात मारला.

सोमवारी सकाळी धुवायला शर्ट घेताना अंबुबाईच्या हाताला खिशातला पंप लागला. तिनं तो कानाशी धरून हलवला. पुन्हा हलवला. मग धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवला आणि मेथी निसायला बसली.

गुरुवारी जयंती. ट्रकवर पुतळा, पुढं ढोल, त्यापुढं पांढरा फेटा आणि लाल अंगरखा घालून हणमंतराव. अंगरखा आगीआधी शिवलेला. आता खांद्यावरून लोंबत होता. निघायच्या आधी तो ट्रकच्या मागं गेला, पंप काढला, दोनदा ओढला, डोळे मिटून उभा राहिला. बरं वाटलं. पुढं येऊन त्यानं तुतारी कपाळाला लावली.

पहिली ललकारी पूर्ण झाली. उंच गेली नाही, पण पूर्ण झाली. दुसरी मध्यावर आली आणि तिथं हवाच नव्हती. गालातला राखीव घोट त्यानं लावला, तोही संपला. तुतारीतून म्हशीच्या हुंकारासारखं काहीतरी निघालं आणि ललकारी तुटली. भर जयंतीला, महाराजांच्या पुढ्यात. ढोलवाले थांबले. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

जयसिंगराव वाकून त्याच्या कानाशी आले. ते रागावले नाहीत. धंद्यातला माणूस सोय बघतो. "असू दे, असू दे. माझ्या मोबाइलवर आहे. तुम्ही नुसती ओठाला धरा."

त्यांनी फोन ट्रकच्या स्पीकरला लावला. आणि मिरवणुकीवर तुतारी वाजली. एक ललकारी, तिच्यातूनच दुसरी, दम न तोडता तिसरी, वर वर चढत गेलेली. पलीकडच्या शेडमधले कामगार दारात येऊन उभे राहिले. जयसिंगरावांच्या मुलाच्या लग्नातलं रेकॉर्डिंग होतं ते. आगीच्या आधीच्या वैशाखातलं. वाजवणारा हणमंतरावच.

तो तुतारी ओठाला धरून चालत राहिला. गाल फुगवायला त्यानं नकार दिला नाही. वाटेत लोक फोटो काढत होते.

बाजूनं चालणाऱ्या अंबुबाईनं नयनाचा दंड धरला. "हे बघ. हेच की आधीचं रेकॉर्ड. ती बाई मागत हुती ते हेच की गे!"

"हो," नयना म्हणाली.

"तिला नेऊन ऐकवलं तर?"

मिरवणूक त्याच वेळी कल्याण मंटपापुढून जात होती. दारावर आता निळा फ्लेक्स होता, कोणाच्या तरी नामकरणाचा. नयनानं तो आईला दाखवला नाही, आईनं तो बघितला नाही असं केलं, आणि दोघी चालत राहिल्या.

दुपारी हणमंतराव अंगरख्यासकट दारातल्या पोत्यावर बसला होता. फेटा मांडीवर. अंबुबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. कृष्णमूर्ती भिंत धरून आला. नेहमीचा चिडवायचा सूर नव्हता. त्याच्या गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता. खिशात पिवळं कार्ड होतं, कडा मळलेल्या.

"अण्णा," तो म्हणाला. "स्वल्प पंप द्या की."

"तुला तर कार्ड हाय," अंबुबाई म्हणाली.

"कार्ड हाय." तो पायरीवर बसला. "पंप न्हाई. कार्ड मिळालं त्या महिन्यात एकदा दिला. मग म्हणत्यात स्टॉक न्हाई, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात गेलो तर म्हणत्यात कार्ड दाखवा. दाखवलं. म्हणत्यात बरोबर हाय, पुढच्या महिन्यात या."

हणमंतरावानं खिशात हात घातला. अंबुबाईचे हात जुडीवर थांबले. तिनं तोंड उघडलं, कृष्णमूर्तीच्या गळ्याकडं बघितलं, आणि मिटलं.

कृष्णमूर्तीनं पंप हलवला, तोंडात धरला, दाबला. फुस्स झालं. दम धरून, डोळे मिटून तो बसला, शिबिरात दाखवलं नव्हतं इतक्या सहकार्यानं. मग पुन्हा एकदा. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"आता बरं वाटलं," तो म्हणाला.

"चांगला हाय तो," हणमंतराव म्हणाला. "पुण्याच्या डॉक्टरीणबाईनं दिलेला. सकाळी मीबी ओढला म्हणून एक तरी ललकारी झाली." त्यानंही एकदा ओढला आणि पंप जपून खिशात ठेवला.

अंबुबाईनं केळीचा दोरा दाढेत धरून ओढला, जुडी टोपलीत टाकली आणि दुसरी उचलली.

पंप सोमवारीच संपला होता.